न आलेल्या गाडीची गिऱ्हाइकं

हैदराबादेतल्या एका मोठ्या शोरूममध्ये मी सत्तावीस वर्षं गाड्या विकल्या. त्यातली शेवटची तीन वर्षं मी एक अशी गाडी विकत होते, जी आमच्याकडे नव्हती, देशात नव्हती, आणि येईल की नाही हे कंपनीलाही ठाऊक नव्हतं. तिची गिऱ्हाइकं मात्र दर आठवड्याला येत. आज निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी नोकरीतलं काही आठवायचं म्हटलं की विकलेल्या शेकडो गाड्यांऐवजी ही न आलेली गाडीच डोळ्यांपुढे येते.

आमचा धंदा कसा चालतो ते आधी सांगते. आपल्याकडे माणूस गाडी घ्यायला एकटा येत नाही. सगळं घर येतं. नवरा स्टिअरिंगवर बसतो आणि समोरच्या काचेतून शोरूमची भिंत अशी बघतो, जणू तो आत्ताच महामार्गावर आहे. खरा निर्णय मागच्या सीटवर होतो. बायको मागचं दार उघडते, आत बसते, बाहेर येते, पुन्हा बसते. ती स्वतःसाठी बसत नसते, सासूबाईंचे गुडघे तिच्या डोक्यात असतात. नव्या सेल्समनला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची, की पुढच्या सीटकडे पाठ करा आणि मागे बसलेल्या बाईंशी बोला.

तऱ्हेवाईक माणसंही खूप पाहिली. बरकतपुऱ्याला, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहणारे एक केटरर रिक्षात बिर्याणीचा हंडा घालून शोरूममध्ये आले. हंडा डिकीत मावेल तीच गाडी घ्यायची, असं ठरवून आले होते. आम्ही पाच गाड्यांच्या डिक्या उघडल्या. पाचव्या गाडीत हंडा बसला, पण डिकीचं झाकण लागेना. त्यांनी हंडा उचलला, सगळ्यांना हात जोडले आणि शेजारच्या शोरूमची पायरी चढले. मला त्यांचा मुळीच राग आला नाही. आपल्याला काय हवं आहे हे इतकं नेमकं माहीत असलेलं गिऱ्हाईक क्वचित भेटतं.

तर, एके दिवशी आमच्या कंपनीने परदेशातल्या एका प्रदर्शनात एका गाडीचा नमुना दाखवला. दोन दारांची, बुटकी, मागची सीट नावापुरती. इंजिन पुढे, पण त्याची ताकद मागच्या चाकांना. अशा गाड्या एरवी श्रीमंतांच्या. ही मात्र नोकरदाराला परवडेल अशी करणार आहोत, असं कंपनीचे साहेब व्यासपीठावरून बोलले. ते एक वाक्य हैदराबादला पोचायला रात्रभराचाही वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं, तेव्हा पायरीवर एक गृहस्थ उभे होते.

सत्तरीला टेकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. "मॅडम, तो मागच्या चाकाचा गाडी कधी येतो?" त्यांनी विचारलं.

ते रावगारू, म्हणजे तेलुगूत रावसाहेब. सिकंदराबादला राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनड्रायव्हर. माझ्या टेबलावरची देशपांडे ही पाटी वाचून ते मराठीत बोलले होते. मी चकित झाले.

"आठ वर्षं परभणीला जात होतो," ते म्हणाले. "ड्रायव्हर लोक मुक्कामाला राहतात ना, तिथला खानसामा मराठी होता. त्याच्याकडून शिकलो. म्हणून माझा मराठी सगळा जेवणाचा मराठी आहे."

मी त्यांना सांगितलं, की गाडीची मला काहीच माहिती नाही, कालच बातमी आली आहे. त्यावर ते म्हणाले, "हरकत नाही. नाव लिहून घ्या. पहिला नाव माझा." मी ड्रॉवरमधून एक वही काढली आणि पहिल्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं. दिवाळीपर्यंत त्या वहीत चाळीसच्या वर नावं झाली.

ही माणसं वेगळी होती. एकानेही लिटरला किती जाते हे विचारलं नाही. डिकी कुणी विचारली नाही. वहीत एक दंतवैद्य बाई होत्या, एक बँकेतला कारकून, एक भाजीचा ठोक व्यापारी, संगणकवाली दहा-बारा मुलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, मागचीच चाकं ना? नक्की? मला कुतूहल वाटायला लागलं. इतकी वर्षं मी गाड्या विकत होते, पण कोणती चाकं फिरतात याने माणसाच्या मनात इतकं काय हलावं, ते मला कळत नव्हतं.

मी रावगारूंनाच विचारलं. म्हटलं, "पूर्वीच्या आपल्या सगळ्या टॅक्स्या मागच्याच चाकांवर चालायच्या की. त्यांच्यासाठी कुणी पायरीवर उभं राहत नव्हतं."

ते हसले. "टॅक्सी म्हैस होता, मॅडम. हा हरीण आहे." मग टेबलावरचा स्टेपलर त्यांनी पुढे ओढला. "आजचा गाडी पुढच्या चाकांनी ओढतो. त्याच चाकांनी वळतो पण. एका माणसाला सांगायचं, तूच भार ओढ आणि तूच रस्ता बघ. तो करतो, पण कंटाळून करतो. मागची चाकं ढकलायला लागली की पुढची मोकळी. त्यांना फक्त वळायचं काम." त्यांनी स्टेपलर मागून बोटाने ढकलला आणि हलकेच वळवला. "घाटात आम्ही गाडीच्या मागे दुसरं इंजिन लावायचो. मागून जोर आला की पुढच्या ड्रायव्हरला पाठीत कळतं. डोळ्याला दिसत नाही. पाठीला कळतं."

तेव्हापासून रावगारू दर मंगळवारी येऊ लागले. मंगळवारी नवी गाडी घ्यायला आमच्याकडे सहसा कुणी येत नाही, त्यामुळे शोरूम रिकामं असतं. ते चहा घेत, गाडीची काय बातमी विचारत, आणि मग घाटांच्या, सिग्नलच्या गोष्टी सांगत. मी मंगळवारची वाट बघायला लागले, हे कबूल करते.

त्या वहीतले दुसरे खंदे गिऱ्हाईक इम्रानभाई. चिक्कडपल्लीत त्यांचं टायरचं आणि चाकांचं अलाइनमेंट करायचं दुकान. त्यांच्या भोवती गाडीवेड्यांचा एक गट जमलेला होता, आणि न आलेल्या गाडीच्या सगळ्या बातम्या त्या गटातून फिरत. एकदा मी त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आप लोगां ऊपर से बेचते गाडी. कभी नीचे से देखे क्या?"

"नाही," मी म्हटलं.

"आव फिर." त्यांनी मला उंचावर चढवलेल्या एका जुन्या गाडीखाली नेलं, आणि इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब लोखंडी दांडा दाखवला. तो हाताने फिरवला तशी मागची दोन्ही चाकं सावकाश फिरली. पन्नाशी उलटलेली बाई मी, साडी सावरत, मान वर करून तो दांडा बघत राहिले. दुकानातून निघताना माझ्या पदराला ग्रीस लागलेलं होतं.

वाट बघण्यातही त्या लोकांनी केवढा संसार थाटला होता! आउटर रिंग रोडवर कुणाला तरी काळ्या कापडाने झाकलेली एक बुटकी गाडी दिसली. त्याने चालत्या गाडीतून फोटो काढला. फोटोत कापड, एक चाक आणि अर्धा ट्रक होता. त्या चाकाचे आरे किती, मागच्या धुराच्या नळ्या दोन की एक, यावर गटात तीन दिवस खडाजंगी झाली. दंतवैद्य बाईंनी तर फोटो मोठा करून छापून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवून क्ष-किरणाचा फोटो वाचावा तसा मला समजावून सांगितला. आठवड्याने कळलं, ती दुसऱ्याच कंपनीची साधी चार दारांची गाडी होती. कुणीही निराश झालं नाही. उलट सगळे नव्या फोटोच्या मागे लागले.

मालकांच्या लक्षात हे आलंच. हे लोक गाडीसाठी येतात आणि येता येता मेव्हण्याला, शेजाऱ्याला घेऊन येतात, त्यांना आपली दुसरी एखादी गाडी पसंत पडते. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, नाही म्हणू नका कुणाला. येतेय म्हणा. सहा महिने म्हणा." मी मान हलवली. आमच्या धंद्यात हे खोटं धरत नाहीत. रंग येतोय, मॉडेल येतंय, गाडी बंदरात आहे, असं आम्ही रोजच म्हणत असतो.

आता जे सांगायचं आहे ते मला सोपं नाही.

एका मंगळवारी रावगारू आले ते घाईत. मारेडपल्लीतल्या एका डॉक्टरांच्या घरी एक जुनी गाडी होती. डॉक्टरांनी फार वर्षांपूर्वी परदेशातून येताना आणलेली, दोन दारांची, मागच्या चाकांची. डॉक्टर वारले होते आणि मुलांना ती योग्य माणसाला द्यायची होती. इम्रानभाईंनी गाडी खालून-वरून तपासली होती. किंमत रावगारूंच्या आवाक्यातली होती. डॉक्टरांच्या मुलाने रविवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

"मॅडम, तुम्ही खरं बोला," ते म्हणाले. "आपला गाडी सहा महिन्यांत येतो का? येत असेल तर मी थांबतो. नवीन घेतो. नाही तर हा घेतो."

मला काहीही माहीत नव्हतं. कंपनीकडून महिनोन् महिने एक ओळ आलेली नव्हती. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "थांबा, सर. जुन्या गाडीला सुटे भाग कुठून आणाल? आमची येतेच आहे. सहा महिने धरून चला."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तिसऱ्यांदाही विचारलं, आणि मी तिसऱ्यांदाही नक्की म्हणाले. मालकांच्या सांगण्यावरून म्हणाले असं आज म्हणता येईल, पण ते अर्धंच खरं आहे. ती जुनी गाडी त्यांनी घेतली तर ते मंगळवारचे येणार नाहीत, हेही त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं.

मारेडपल्लीची गाडी बेंगळुरूच्या कुणीतरी नेली. सहा महिने गेले. वर्ष गेलं. कंपनीच्या बाजूने शुकशुकाट. मग एका मंगळवारी रावगारू आले नाहीत. पुढच्याही मंगळवारी नाहीत. त्यांना फोन करायचं धैर्य मला झालं नाही.

दोन महिन्यांनी एक बाई आमच्या जुन्या गाड्यांच्या विभागात एक छोटी पांढरी गाडी विकायला घेऊन आल्या. कागदांवर रावगारूंचं नाव बघून मी उठून गेले. त्या त्यांच्या कन्या सुजाता, शाळेत शिक्षिका. गाडी का विकताय, म्हणून मी विचारलं.

"नान्नांना आता चालवता येत नाही," त्या म्हणाल्या. "काचबिंदू आहे. कडेचं काहीच दिसत नाही. समोरचंही नळीतून बघितल्यासारखं, तेही पुसट. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"कधी कळलं?"

"कळून दोन वर्षं झाली. वर्षभर तरी गाडी चालवाल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते."

मी मनात हिशेब जुळवला. मारेडपल्लीच्या गाडीबद्दल विचारायला आले, तेव्हा त्यांना हे ठाऊक होतं. सहा महिने नक्की का, हे त्यांनी तीनदा का विचारलं, ते मला त्या दिवशी समजलं. सुजाताबाई कागदांवर सह्या करत होत्या आणि मी शेजारी उभी राहून नुसती त्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटकडे बघत होते. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता.

पुढच्याच मंगळवारी रावगारू आले. हातात काठी, रिक्षातून उतरून पायरी चाचपत. खुर्चीत बसले, चहा घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, "गाडीचा काय बातमी?"

मी म्हणाले, "सर, खरं सांगते. मला काहीच माहीत नाही. पूर्वीही माहीत नव्हतं."

त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "हे बरं झालं."

माझी निवृत्ती महिन्यावर आली असताना कंपनीचा निरोप आला. गाडी तयार आहे. विकायला अजून नाही, किंमतही ठरलेली नाही, पण लोकांचं मत घ्यायला एक गाडी गावोगाव फिरवतोय. हैदराबादला दोन दिवस. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या डांबरी आवारात केशरी शंकू मांडून वळणाचा रस्ता आखला जाईल, आणि यादीतल्या माणसांना एकेक फेरी मिळेल. मी वही काढली आणि चाळीसच्या वर फोन केले. रावगारूंना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "किती वाजता?"

सकाळी सातला सगळे हजर. बँकेतल्या कारकुनाने लग्नातला सूट घातला होता. गाडी ट्रकवरून उतरली, तसा सगळा घोळका पुढे सरकला. मग इम्रानभाई खाली वाकले, अक्षरशः जमिनीला गाल लावून त्यांनी गाडीच्या पोटाखाली बघितलं आणि ओरडले, "है! पीछे तक है!" आणि ती शिकलीसवरली माणसं टाळ्या वाजवायला लागली. कशासाठी, तर एका लोखंडी दांड्यासाठी.

रावगारूंची पाळी आली. कंपनीचा तरुण इंजिनिअर म्हणाला, परवाना आणि नजर नसेल तर चालवता येणार नाही, शेजारी बसा, मी फिरवून आणतो. रावगारू म्हणाले, "तुम्ही नको. मॅडम चालवतील."

मी हबकले. गाड्या मी रोज चालवत होते, पण गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरत्या, मधोमध, सावकाश. इम्रानभाईंनी माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. "नक्को डरो, मॅडम. खाली मैदान है." इंजिनिअरने बजावलं, की घसरण रोखणारी यंत्रणा थोडी सैल ठेवली आहे, लोकांना मागच्या चाकांचा फरक कळावा म्हणून. शंकूंच्या आत राहा.

पहिल्या वळणाला रावगारूंनी डोळे मिटले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आता पाय हलका. वळवा. अजून. आता द्या, हळूहळू द्या." मी पाय दाबला, आणि कुणीतरी पाठीवर तळवा ठेवून मला पुढे सारावं तसं झालं. स्टिअरिंग हातात अगदी हलकं, आणि सगळा जोर कमरेच्या मागे. मी मोठ्याने "अगंबाई" म्हणाले.

"कळला ना पाठीला?" ते म्हणाले.

"कळला."

फेरी संपली. मी गाडी थांबवली आणि हेल्मेट न काढता, समोर बघतच बोलले. "सर, मारेडपल्लीच्या गाडीच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमच्या डोळ्यांचं मला माहीत नव्हतं. पण मला माहीत नव्हतं ही सबब होत नाही."

"राग आला होता," ते म्हणाले. "फार आला होता. दोन महिने आलो नाही ना."

"मग परत का आलात?"

ते माझ्याकडे वळले. मी कुठे आहे हे त्यांना अंदाजानेच कळत असावं. "गाडी कसा निघतो ते कळायला नको?" मग हाताने खूण केली. "अजून एक फेरी. या वेळी उलट्या बाजूने. थोडं जोरात."

इंजिनिअरने बोट वर केलं, एकच फेरी. मी निघाले. पहिली दोन वळणं छान गेली. तिसऱ्याला मी जास्त वेगात शिरले, शंकू एकदम जवळ आला, आणि मी घाबरून पाय झटकन उचलला. गाडीचं मागचं अंग निसटलं. शंकू, इमारत, इम्रानभाई, झाडं, सगळं माझ्या समोरून डावीकडून उजवीकडे गेलं, आणि गाडी जिकडून आली होती तिकडे तोंड करून उभी राहिली. इंजिन बंद. टायरचा वास. लांबून माणसं धावत येत होती.

"सर, लागलं का?" मी ओरडले.

रावगारूंना काही लागलं नव्हतं. ते सीटवर पुढे सरकले होते, पट्टा ताणून, आणि त्यांचा चेहरा मी पूर्वी कधीच पाहिला नव्हता असा झाला होता.

"मॅडम, काय झालं? मला फक्त उजेड फिरला एवढंच दिसलं. शेपूट कोणत्या बाजूने गेला? तुम्ही पाय उचलला की दाबला? पुढची चाकं कुठे होती? सावकाश सांगा. सगळं सांगा."

माणसं जवळ येत होती. मी त्यांना हातानेच थांबवलं.

"पाय उचलला," मी म्हणाले. "घाबरले म्हणून उचलला."

"बरोबर. मागचा भार हलका झाला. मग?"

"मग शेपूट उजवीकडे गेली. आधी अगदी थोडी, मला वाटलं सावरेल…"

"मग?" रावगारूंनी विचारलं, आणि कान माझ्याकडे केला.